नवीन मोबाईल काहून लांबला

वैभवीने पुण्याहून आईसाठी नवा फोन नोंदवला तेव्हाच सांगितलं होतं, "बाबा, पाच तारखेला कंपनी तो बाजारात आणणार आहे. सहाला कुरियर निघेल, नऊला आपल्या घरी." कंपनीचं नाव तिने फोनवर दोनदा सांगितलं. जगदेव काळबांडेंना ते दोन्ही वेळा वेगवेगळं ऐकू आलं. मग त्यांनी त्याला ‘वैभवीवाला फोन’ असंच नाव ठेवलं आणि सगळ्या सावरबर्डीला ते तसंच सांगत सुटले.

फोनची गरज खरी वैभवीच्या आईला, विजयमालाबाईंना होती. त्या गावच्या अंगणवाडीच्या सेविका. नोकरीला चोवीस वर्षं झालेली. अलीकडे पोरांची हजेरी, वजन, उंची, शिजलेल्या खिचडीचा फोटो, सगळं मोबाईलवरून वर पाठवावं लागे. त्यांचा फोन इतका थकला होता की एका पोराचं वजन त्यात भरून होईपर्यंत दुसरं पोर रडून, झोपून, उठून घरी गेलेलं असायचं. नवा फोन आला की हा जुना जगदेवला, आणि जगदेवचा त्याहून जुना अंगणवाडीतल्या मदतनीस विमलबाईंना, असं ठरलं होतं. सगळे नऊ तारखेची वाट पाहत होते.

पण दोन तारखेलाच विमलबाईंचा बटणांचा फोन खिचडीत पडला. ढवळताना कमरेच्या पिशवीतून निसटला तो थेट पातेल्यात. डावाने काढेपर्यंत तो चांगला शिजला होता. पोरांना त्या दिवशी मुरमुऱ्यांवर भागवावं लागलं. विमलबाई मात्र पातेल्यापाशी डोक्याला हात लावून बसल्या. मुलगा धम्मपाल नागपूरला, सून सपना तिथेच भरल्या दिवसांची, कोणत्या घडीला बोलावणं येईल याचा नेम नव्हता.

संध्याकाळी जगदेव त्यांच्या घरी गेले आणि आपला फोन त्यांच्या हातात ठेवला.

"घ्या विमलबाई. नऊ तारखेले देनारच होतो, आज घ्या."

"अवो भाऊ, मंग तुमी काय करसान?"

"सात दिवसाचा तर सवाल हाय. माहं सिम हिच्या फोनात टाकतो. दोन सिम बसतेत त्याच्यात."

असं जगदेवचं सिम बायकोच्या फोनमध्ये गेलं. एका फोनवर दोन माणसं सात दिवस सहज काढतील, असं दोघांनाही वाटलं. तीस वर्षं एका घरात काढलीच होती.

पाच तारखेला वैभवीचा फोन आला. "बाबा, कंपनीने फोन पुढे ढकललाय."

"काहून?"

"कारण नाही सांगितलं."

"असं कसं? कारन तं असनच ना."

"बाबा, कंपन्या सांगत नाहीत. नवीन तारीख कळवू म्हणाले."

जगदेवना एखादी गोष्ट उशिरा झाल्याचं फारसं दुःख नसे. कारण न कळण्याचं मात्र असे. कामरगावची जीप वीस मिनिटं उशिरा आली तर ती येण्याआधीच ते थांब्यावरच्या लोकांना पंक्चर की लग्नाची वरात हे सांगून मोकळे होत. एरवी शेतात काम असलं की हा स्वभाव आटोक्यात राही. पण तूर निघाली होती, हरभरा निघाला होता, हळद शिजवून वाळवून झाली होती आणि पेरणीला दोन महिने होते. एप्रिलचं ऊन आणि रिकामा माणूस एकत्र आले होते.

ते हरिसिंगच्या हॉटेलात जाऊन बसले. हॉटेल म्हणजे दोन बाकं, एक स्टोव्ह आणि उत्तम भजी.

"आला का वैभवीवाला?" हरिसिंगने विचारलं.

"लांबला."

"काहून?"

"त्याचाच इचार करून राह्यलो." जगदेवनी बशीत चहा ओतला. "मले वाटते ऊन. थो फोन बनला थंड मुलखात. इकडं आणून उन्हात ठेवला असन तपासाले, अन् पापडावानी आकसला असन."

"होऊ शकते," हरिसिंग म्हणाला. "पन भाऊ, थो बोलल्यावर ऐकनारा फोन हाय ना? आपन सांगतलं तं थोच नंबर लावते?"

"हो. मराठी येते म्हने त्याले."

"मंग तीच भानगड. त्याले पुस्तकातली मराठी शिकवली असन. तुमी म्हनसान, ‘मी वावरात जाऊन राह्यलो,’ थो म्हनन, वावरात राह्यले काहून गेले, घर नाही का?"

जगदेवनी बशी खाली ठेवली. हे कारण आपल्याला सुचलं नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. घरी जाईपर्यंत त्यांनी ते आपलं करून टाकलं होतं.

चार दिवस असेच गेले. रोज कोणी तरी विचारी, रोज एक कारण वाढे. विजयमालाबाई वैतागल्या. "अवो, फोन आपला एक. त्याच्या कारनाची यादी रेशनच्या यादीएवढी झाली. आता बस करा."

"लोक इचारतेत तं सांगा नाही लागत?"

"माहीत नाही म्हना ना."

हे वाक्य जगदेवनी आयुष्यात कधी वापरलं नव्हतं.

रविवारी विजयमालाबाई एका साखरपुड्याला किन्हीराजाला गेल्या. फोन उतरला होता म्हणून चार्जिंगला लावून गेल्या. दहाच्या सुमारास तो टुणकन वाजला. कामरगावहून जगदेवच्या धाकट्या भावाने, गोविंदाने, घरच्या ग्रुपवर विचारलं होतं : "दादा, नवीन मोबाईल आला का?" घरच्या ग्रुपचं नाव होतं ‘आपला परिवार’. त्यात काका, आत्या, जावई मिळून सव्वीस माणसं. सव्वीस माणसांना एकदाच काय ते नीट कळवावं, म्हणजे रोजची कटकट मिटेल, असा विचार करून जगदेव लिहायला बसले. लिहिताना ते बोलल्यासारखं लिहीत नसत. वर्तमानपत्रासारखं लिहीत.

"नमस्कार. नवीन मोबाईल पाच तारखेला येणार होता, तो लांबला आहे. अनेकांनी विचारणा केल्यामुळे कारणे देत आहे. एक, मोबाईल आपल्याकडील उन्हात टिकतो किंवा नाही याची तपासणी सुरू आहे. दोन, मोबाईलला वऱ्हाडी बोली शिकविण्याचे काम चालू आहे. तीन, माल केव्हाच आलेला असून गोडाऊनात पडून असल्याची दाट शक्यता आहे. चावी कोणाकडे आहे याचा शोध घ्यावा. तरी सर्वांनी धीर धरावा. माहिती खात्रीशीर."

तिसरं कारण त्यांना लिहिता लिहिता सुचलं. दोनच कारणं अपुरी दिसत होती.

अडचण एवढीच होती की विजयमालाबाईंच्या फोनमध्ये ‘आपला परिवार’ नावाचे दोन ग्रुप होते. एक काळबांडे घराण्याचा. दुसरा पर्यवेक्षिका नीलिमा मॅडमनी काढलेला, त्यांच्या हाताखालच्या एकोणतीस अंगणवाडी सेविकांचा. सेविकांनी मिळून-मिसळून राहावं म्हणून मॅडमनी हे प्रेमळ नाव दिलं होतं. जगदेवनी मजकूर दुसऱ्या ‘परिवारात’ धाडला आणि तोही बायकोच्या नावाने.

त्या एकोणतीस जणी दोन वर्षांपासून एकच गोष्ट ऐकत होत्या, की वरून सगळ्या सेविकांना नवीन मोबाईल मिळणार आहेत. कधी, ते कोणी सांगत नव्हतं. आणि आज विजयमालाताईंनी लिहिलं होतं. ज्या बाईने आजवर ग्रुपवर साधी सुप्रभाताची फुलंसुद्धा टाकली नव्हती, तिने "माहिती खात्रीशीर" म्हटल्यावर संशय कोण घेणार? पंधरा मिनिटांत तिथे हात जोडलेली चित्रं रांगेने उभी राहिली. मग फोन सुरू झाले.

"हॅलो, ताई हायेत का?"

"थे साखरपुड्याले गेली. मी बोलून राह्यलो, जगदेव."

"भाऊ, मोबाईलचं वाचलं आमी. कधी येते मंग?"

आवाज ओळखीचा नव्हता. पण काळबांडे घराण्यात सुनांचे आवाज ओळखणं जगदेवना कधीच जमलं नव्हतं. ते म्हणाले, "येते, येते. चार-आठ दिवसांत येते."

दुसरा फोन, तिसरा, सातवा. आपल्या एका फोनची सगळ्या नात्याला एवढी काळजी आहे हे पाहून जगदेव पुढच्या प्रत्येकीला आधी जेवण झालं का ते विचारू लागले. नवव्या बाईने विचारलं, "भाऊ, मंग जुने मोबाईल जमा करा लागतीन का?"

जगदेवनी ऐकलं होतं, जुना फोन दिला की कंपन्या नव्यावर सूट देतात. घरच्या सुनेला फायदा होत असेल तर आपण आडवं कशाला यावं. "करा ना. आणून द्या आमच्या घरी. वैभवीले सांगून पायतो मी."

तिला वैभवी कोण ते कळलं नाही. ऑफिसातली कोणी नवी मॅडम असावी असं तिला वाटलं आणि तिने तसं पुढच्या दोघींना सांगितलं.

सोमवारी सकाळी विजयमालाबाई अंगणवाडीत पोरांना गोल बसवत होत्या. दारात एक बाई आली, मग दोन, मग रिक्षातून एकदम पाच. साडेनवापर्यंत अकरा सेविका जमल्या. प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि गाव.

"हे काय वो?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"जुने मोबाईल, ताई. तुमच्यापाशी जमा कराले सांगतले ना. वैभवी मॅडमचा आदेश हाय म्हने."

"वैभवी मॅडम?" विजयमालाबाईंनी विमलबाईंकडे पाहिलं. विमलबाईंनी पातेल्याकडे पाहिलं.

कोणी तरी पिशवी सोडून आपल्या फोनवर तो मजकूर दाखवला. विजयमालाबाईंनी वाचला. ‘तपासणी सुरू आहे’पर्यंत त्यांना काही कळेना. ‘वऱ्हाडी बोली’ला त्यांना लिहिणारा कळला. त्या मटकन पोरांच्या लहानशा खुर्चीवर बसल्या, आणि एका पोराने त्यांना आपली चिक्की दिली.

तिकडे अकरा गावांतल्या अंगणवाड्यांमध्ये पोरं होती, खिचडी होती, पण हजेरी भरणाऱ्या बाया आणि त्यांचे फोन सावरबर्डीत होते. ज्या बाकीच्या सतरा जणी आपापल्या अंगणवाडीत होत्या, त्यांनीही नवीन मोबाईल येतोच आहे म्हणून जुन्यात माहिती भरणं थांबवलं होतं. सव्वाअकरा वाजता वरच्या ऑफिसातल्या संगणकावर दिसलं, की नीलिमा मॅडमच्या भागात आज एकाही बालकाने एकही घास खाल्लेला नाही.

बारा वाजता मॅडमची स्कूटी आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे तेवढे दिसत होते, आणि त्या डोळ्यांकडे पाहून अकरा सेविका भिंतीला सरकल्या.

"विजयमालाताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

विजयमालाबाई उभ्या राहिल्या. चोवीस वर्षांत त्यांच्या नावावर साधी सूचनासुद्धा नव्हती. दोनदा आदर्श सेविका म्हणून साडी-चोळी मिळाली होती. त्यांना एका वाक्यात सुटता आलं असतं. ते वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण अकरा बायांसमोर नवऱ्याला बावळट ठरवणं त्यांच्याने झालं नाही. घरी त्या ते रोज करत, तो भाग वेगळा.

"मॅडम, फोन माहा, नाव माहं. चूक झाली."

"चूक? साहेबांचे कालपासून चार फोन आले मला. गोपनीय माहिती बाहेर कशी गेली म्हणून!"

तेवढ्यात गर्दी पाहून जगदेव हॉटेलातून धावत आले होते. दारातच त्यांच्या कानावर हे पडलं. चप्पल बाहेर काढून ते आत आले आणि हात जोडले.

"मॅडम, तिले बोलू नोका. थे मी लिवलं. घरच्या गुरुपवर टाकाचं होतं, तुमच्या गुरुपवर गेलं. अन् थे तुमच्या मोबाईलचं नव्हतंच. आमच्या पोरीनं धाडलेल्या मोबाईलचं होतं. पायजे तं मले नोटीस द्या."

"तुम्हाला कशी देणार? तुम्ही सेविका आहात का?" मॅडम म्हणाल्या. मग थांबल्या. "म्हणजे... तिसरं कारण तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनीच नाही. अंदाज."

"नुसता अंदाज?"

"दोन कारनं कमी वाटली मले."

नीलिमा मॅडमनी ओढणी सोडली आणि विमलबाईंनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या घटाघटा रिकामा केला. मग भिंतीला टेकून त्या हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरंही हसायला लागली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मोबाईल खरंच आलेत. दीड महिना झाला. गोडाऊनात खोकी रचून ठेवलीत. गोडाऊनची चावी ज्यांच्याकडे होती त्यांची बदली झाली, ते चावी खिशात घालून गेले. दुसऱ्याच दिवशी ती त्यांच्या बायकोने पँटबरोबर धुतली आणि कुठे ठेवली ते तिला आठवत नाही. कुलूप तोडायचं तर तिघांची समिती लागते. दोघं आहेत, तिसरा रजेवर. मला हे काहीच माहीत नव्हतं. काल साहेबांनीच रागाच्या भरात सगळं सांगितलं आणि वर विचारलं, तुमच्या सेविकेला हे कळलंच कसं?"

अकरा सेविकांनी जगदेवकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. घरात तर नाहीच.

"मंग आता काय होईन, मॅडम?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"आता काय! तो मजकूर चार तालुक्यांत फिरला. बायका थेट वर फोन करून विचारतायत, चावी सापडली का? तिसरा माणूस रजेवरून परत बोलावलाय."

गुरुवारी कुलूप तुटलं. शनिवारी एकोणतीस जणींना मोबाईल मिळाले. नोटीस निघाली नाही, कारण नोटिशीत नेमकं काय लिहायचं ते वरच्या ऑफिसात ठरेना. खोटी बातमी पसरवली म्हणावं तर ती खरी होती, आणि खरी म्हणावं तर चावीचं कबूल करावं लागलं असतं. विजयमालाबाई मोबाईल घ्यायला उठल्या तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. त्या लाजल्या. मग घरी येऊन त्यांनी जगदेवना बजावलं, की यापुढे या घरात कोणत्याही गोष्टीचं कारण लिहिलं जाणार नाही.

"बोललो तं चालन का?"

"हरिसिंगच्या हाटेलात बोला. फोन हातात न घेता."

त्याच आठवड्यात सपनाला मुलगी झाली. विमलबाईंना ती जगदेवच्या फोनवर नागपूरहून दिसली. फोनच्या काचेला तडा असल्याने पोरीला दोन नाकं आहेत असं त्यांना क्षणभर वाटलं, पण धम्मपालने फोन हलवला आणि एक नाक नाहीसं झालं. विमलबाईंनी सगळ्या गल्लीला ते तोंड दाखवलं.

वैभवीवाला फोन वीस तारखेला आला. खोक्यात कंपनीचं एक चिटोरं होतं. जगदेवनी ते उघडून उत्सुकतेने वाचलं. "काही अपरिहार्य कारणांमुळे झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत." त्यांनी ते उलटं करून मागेही पाहिलं. कोरं होतं.

"एवढी मोठी कंपनी," ते विजयमालाबाईंना म्हणाले, "अन् एक कारन सुचलं नाही त्यायले."

पुढच्या रविवारी दुपारी नीलिमा मॅडम अचानक घरी आल्या. या भागातून जात होते, म्हणून टेकले, म्हणाल्या. चहा झाला, नव्या फोनचं कौतुक झालं, हळदीचा भाव विचारून झाला. तरी त्या उठेनात. कपाची कड बोटाने फिरवत बसल्या.

"काही काम होतं का, मॅडम?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"काम असं नाही." मॅडमनी दाराकडे पाहिलं. "माझी मुलगी कारंज्याला असते, सासूबाईंकडे. संस्कृती. चौथीत गेली. तिकडे बदली मागून मला तीन वर्षं झाली. जागा रिकामी आहे, अर्ज पोचलेला आहे. दर वेळी म्हणतात, होईल, होईल." त्या थांबल्या, आणि मग एका दमात बोलल्या. "भाऊ, बदली काहून लांबली असेल हो?"

जगदेव ताठ बसले. त्यांच्या डोक्यात एकाच वेळी पाच कारणं उभी राहिली होती. पण बायकोने घातलेली बंदी त्यांना आठवली आणि त्यांनी तोंड गच्च मिटून घेतलं.

"आमच्या ग्रुपवर नको," मॅडम हळूच म्हणाल्या. "त्यात मीच आहे, बरं दिसणार नाही. ताई, तुमची जाऊबाई दुसऱ्या भागात सेविका आहे ना? तिच्या ग्रुपवर... चुकून."

विजयमालाबाईंनी मॅडमकडे पाहिलं. एवढी वर्षं जिच्या स्कूटीचा आवाज आला की त्या पदर सावरून उभ्या राहत, ती बाई चौथीतल्या पोरीसारखी कपाच्या कानाशी खेळत होती. विजयमालाबाई उठल्या, कोनाड्यातला नवा फोन घेतला, पदराने काच पुसली आणि जगदेवशेजारी येऊन बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "मी लिवतो. पयलं कारन काय टाकू?"